मुखपृष्ठावरचे व्याही

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना खुनी मीच केलं, आणि तेही लग्नाआधी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही कलकत्त्यात बागबाजारला राहायचो आणि मी बंगाली रहस्यकथांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचो. (आई लोकांना "मुलगा छापखान्यात आहे" एवढंच सांगायची.) चेहरे मनानं रचायचा मला भारी कंटाळा! ट्राममध्ये कुणी झकास चेहऱ्याचा माणूस दिसला की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात उतरवून घ्यायचा, की झालं. असाच एकदा जाडजूड भुवयांचा, झुपकेदार मिशांचा एक गृहस्थ सापडला. असला खुनी शोधून मिळायचा नाही! मुखपृष्ठावर त्याच्या हातात विषाची बाटली दिली, पायाशी प्रेत टाकलं. पुस्तक धडाक्यात खपलं.

पुढच्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला, नलूला, बघायला पाहुणे यायचे होते. कलकत्त्यात मराठी स्थळं ती किती! त्यातून हा मुलगा नलूला गणपती उत्सवातच आवडलेला. "दादा, आज तोंड जरा बंद ठेव हं," तिनं मला बजावलं होतं.

दार उघडलं. मुलाच्या आधी आत आल्या त्या भुवया! मागोमाग मिशा! हे मुलाचे वडील, नानासाहेब, नागपूरहून नुकतेच बदलून आलेले सरकारी अधिकारी. आणि आईनं नेमकं त्याच दिवशी, आपल्या मुलाचं कर्तृत्व दिसावं म्हणून, पोह्यांच्या बशांशेजारी माझं तेच पुस्तक मांडून ठेवलेलं!

"अहो, हा तर मी!" नानासाहेब गरजले.

मी पुस्तक उचलायला धावलो. मग एकदम लक्षात आलं, ह्यांना बंगालीचं एक अक्षर वाचता येत नाही!

"तुम्हीच, नानासाहेब. पुस्तकातले गुप्तहेर! ट्राममध्ये तुम्हाला पाहिलं आणि मोह आवरला नाही."

"आणि ही बाटली?"

"पुरावा!"

"हा खाली पडलेला?"

"बेशुद्ध आहे हो. तुम्ही वाचवता त्याला."

नानासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. नलूकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. म्हणाले, "मुलगी पसंत! आणि ह्याच्या दहा प्रती द्या मला. ऑफिसात वाटतो."

ऑफिस सगळं बंगाली! मी देव पाण्यात घालून बसलो आणि भटजींच्या मागे लागून सगळ्यांत जवळचा मुहूर्त काढायला लावला. ऑफिसात प्रत्येकानं पुस्तक वाचलं. पण साहेबाला सांगणार कोण?

लग्न लागलं. सप्तपदी झाली तेव्हा कुठे मी श्वास सोडला. मग पंगत बसली आणि नानासाहेब स्वतः जिलबीचा आग्रह करत निघाले. ऑफिसच्या रांगेत येतात तो काय, एकजात सगळ्यांनी पानावर हात आडवे धरले!

"ना ना, स्यार!"

बंगाली माणूस आणि गोडाला नाही म्हणतोय? नानासाहेब चक्रावले. शेवटी म्हाताऱ्या हेडक्लार्कला हसू आवरेना. "पुस्तकात आपण मिठाईतूनच विष घालता, स्यार!" त्यानं सांगून टाकलं.

नानासाहेब जिलबीचं ताट घेऊन तडक माझ्यापुढे उभे राहिले. शालूतल्या नलूचे डोळे भरून आले. मला तर माझीच लाज वाटली.

"चुकलो, नानासाहेब," मी म्हणालो.

"आधी ही खा!" त्यांनी अख्खी जिलबी माझ्या तोंडात कोंबली. मी डोळे मिटून गिळली. उघडून पाहतो तो त्यांच्या भुवया हसून हसून नाचत होत्या! "सप्तपदी झाली म्हणून वाचलात. आता शिक्षा ऐका. पुढच्या पुस्तकात प्रेत तुम्ही व्हायचं!"

झालो. आरशासमोर बसून, अगदी मन लावून माझा चेहरा काढला. प्रकाशकांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि परत केलं.

"चेहरा बदला," ते म्हणाले. "इतका बावळट माणूस मेला, तर वाचक खुन्याचीच बाजू घेतील!"