जाय, पन परत ये

"जाय, पन परत ये."

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिवा देताना भाऊ हे म्हणत. आधी दिवा नाकासमोर धरायचा, स्थळ पाहायला आल्यासारखं वरून खालून न्याहाळायचा, बुडावर एक चापटी मारायची आणि मग खिडकीतून पुढे सरकवत म्हणायचं. माणसाला म्हणत की दिव्याला, हे कोणाला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दिवा एकटा चालत येत नाई न बाबू."

आमची खाण चंद्रपूरपासून एसटीने तासाभरावर. मी तिथे हजेरीबाबू. माझ्या खिडकीला चिकटून बत्तीघर, आणि बत्तीघरात भाऊ. कायदा साधा होता. उतरताना पितळी बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. प्रत्येक दिव्याची भिंतीवर एक खुंटी. पाळी सुटल्यावर जी खुंटी रिकामी, तिचा माणूस अजून जमिनीखाली. अशी एखादी खुंटी दिसली की भाऊंच्या घशाखाली चहा उतरत नसे. मॅनेजरला वर यायला उशीर झाला तरी हा माणूस दारात येरझारा घालायचा. आणि तो मॅनेजर असा होता की त्याच्यासाठी त्याच्या घरच्या कुत्र्यानेही येरझारा घातल्या नसत्या.

बत्तीघरात भाऊंची एक लाडकी वस्तू होती, लोहचुंबक. खाली गॅस तपासायला ज्योतीचा दिवा नेतात. तो दिवा कोणी खाली उघडला तर सगळी खाण उडायची, म्हणून त्याचं कुलूप फक्त बत्तीघरातल्या या चुंबकानेच उघडे. चुंबक कसला, पिसाळलेला रेडा! एकदा त्याने माझा पेन, माझ्या किल्ल्या आणि मागोमाग मला टेबलापर्यंत ओढत नेलं. साहेबांचं घड्याळ त्याच्या जवळून गेलं, ते पुन्हा चाललंच नाही. भाऊ अभिमानाने सांगत, "याच्यापुढे कोनाची हुशारी चालत नाई."

भाऊंचा लहाना भाऊ त्याच खाणीच्या तळाशी घंटीवाला होता. माणसं वरखाली नेणारी डोली कधी हलवायची, हे वरच्या इंजिनवाल्याला घंटीने कळवायचं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली जाऊ दे. तीन म्हणजे माणूस वर येतोय, जपून ओढ. ही भाषा आमच्या सगळ्या कॉलनीला येत होती. भाजी पुरे झाली की नवरे ताटावर एक ठोका मारत, आणि बायका तरीही वाढत.

एका सकाळी तळाशी छताचा दगड सुटला. लहान्याला वर आणलं तेव्हा मानेखालचं सगळं निजलं होतं, आणि जीभही. शुद्ध होती, डोळे होते, आणि उजव्या हाताचं एक बोट हलत होतं, तेही वारा नसताना पान हलावं इतकंच. त्या सकाळी त्याला दिवा भाऊंनीच दिला होता.

"परत तं आला," ते मला म्हणाले. "पन म्या पुरा मागतला होता न बाबू."

भाऊंचा भाचा मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत होता. कंपनीने मोडीत काढलेलं एक यंत्र आणून त्याने मामाच्या क्वार्टरमध्ये, बुद्धाच्या तसबिरीखाली बसवलं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. त्या दिवशी अशी गर्दी झाली की जंगलातला वाघही येऊन रांगेत बसला आणि नंबर लागेना म्हणून कंटाळून परत गेला. हे मी तेव्हापासून सांगत आलोय आणि आजवर वाघाने हरकत घेतलेली नाही.

पडद्यावर चौकोन होते आणि चौकोनांत शब्द. पाणी. भूक. कूस. दुखते. पंखा. उजेडाची एक पट्टी चौकोनांवरून फिरत राही. लहान्याच्या बोटाखाली कळ ठेवलेली. पट्टी हव्या त्या शब्दावर आली की त्याने ती दाबायची. पहिल्यांदा त्याने 'पाणी' दाबलं, तेव्हा वैनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, हातातला गडू घेऊन होत्या तिथेच खाली बसल्या. त्या आठवड्यात त्याने एवढं पाणी मागितलं की वर्धा नदीने तक्रार केली असती. तहान कुठली! बोलायची हौस.

शेवटचा चौकोन मात्र रिकामा होता. आणखी शब्द भाच्याला सुचले नव्हते. आणि रोज सकाळी भाऊ डबा घेऊन कामाला निघाले की लहाना नेमका तोच दाबायचा. पुन्हा पुन्हा तोच.

"का पायजे रे? रेडू लावू? दाढी करून देऊ? काऊन रडतं?" भाऊ उंबऱ्यावरून परत फिरत, शब्दांमागून शब्द विचारत, आणि लहाना नुसता पाहत राही. मग बत्तीघरात येऊन डोकं धरून बसत. "बाबू, त्याच्या पोटात काईतरी हाये. मले समजूनच नाई राह्यलं."

भाऊंनी भाच्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की शब्द वाढवता येतील, पण यंत्राची जुनी सिस्टिम ते पेलणार नाही. सोबत नव्या सिस्टिमच्या, म्हणजे डॉसच्या, फ्लॉप्या पाठवल्या होत्या. त्या चढवून ठेवा, पुढच्या खेपेला शब्द मी घालतो. अडलंच तर सगळं पुसून, मी दिलेल्या जुन्या कॉपीवरून पहिल्यासारखं करून घ्या.

आता मी नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्यातला अर्धा वेळ खोलीबाहेर चपला काढण्यात आणि उरलेला आतल्या थंडीत शिंकण्यात गेला होता; पण कॉलनीत दुसरा कोणी शिंकलेलाही नव्हता. म्हणून रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. भाऊ अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. पहिली फ्लॉपी घातली. यंत्र घरघरलं. दुसरी मागितली, दिली. आणि वीज गेली.

आमच्या पायाखालचा कोळसा, तो शेजारच्या वीजघरात जळायचा, त्यावर मुंबईच्या लिफ्ट चढायच्या, आणि आमच्या घरी पंख्याची पाती मोजता यायची. वीज परत आली तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. सिस्टिम सापडत नाही. बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. मी फुंकर मारली, वैनींनी उदबत्ती लावली. तीच ओळ.

भाच्याच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे पुसायच्या वाटेला लागलो. यंत्राने इंग्रजीत विचारलं, यातलं सगळं जाईल, पुढे जाऊ? मी थांबलो.

"दाब न बाबू," भाऊ म्हणाले. "कापी हाये आपल्यापाशी. अशा जागी ठेवली का तिथी धूळ पोचतच नाई." आणि त्यांनीच कळ दाबली.

मग ते सायकलवर टांग मारून गेले आणि घामाघूम होऊन एक डबा घेऊन आले. डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, त्यावर मलमलचं फडकं बांधलेल्या फ्लॉप्या. तान्ह्या बाळालाही एवढं कोणी गुंडाळत नाही.

"कुठे होत्या भाऊ?"

"बत्तीघरात. आपल्या कॉलनीत तेवढीच तं साफ जागा हाये. चुंबकाच्या खालच्या खनात ठेवल्या होत्या."

खोटं नव्हतं. आमच्या कॉलनीत पांढरा सदरा ही अफवाच असायची. उशीवर, भातात, पोरांच्या कानांत, सगळीकडे कोळसा. बत्तीघराच्या काचेच्या कपाटावर मात्र कण सापडला नसता. पण फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकाने होतं आणि चुंबकानेच पुसलं जातं. त्या कोर्समध्ये मी एवढं एकच शिकलो होतो, आणि ते मला त्या क्षणी आठवायला नको होतं.

पहिली फ्लॉपी वाचता आली नाही. दुसरीही नाही.

"अजून एक घाल न बाबू. एखादीत तं असंन."

घातली.

"उलटी करून पाहा."

तीही करून पाहिली. डबा रिकामा झाला. भाऊंनी फडकं झटकून पाहिलं, जणू शब्द त्यात अडकले असतील. खाटेवरून लहाना काळ्या पडद्याकडे बघत होता आणि त्याचं बोट कळ दाबत होतं. टक. थांबून पुन्हा, टक. वैनी त्याला पाणी पाजत होत्या. त्याला पाणी हवं होतं की नाही, हे आता कोणाला कळणार होतं?

भाऊंनी ते यंत्र गोधडीत बांधलं आणि एसटीत मांडीवर घेऊन नागपूरला नेलं. दुकानदाराने मान हलवली. भाच्यासाठी ट्रंक कॉल लावला, तर त्याला कंपनीने वर्षभरासाठी परदेशात धाडलेलं. एकामागून एक दारं बंद होत होती. इतर वेळी अशा जागी मी एखादा वाघ तरी आणतो. इथे मला वाढवून सांगायला काही सुचत नाही.

नागपूरहून आल्यापासून भाऊ दिवे देताना बोलेनासे झाले. दिवा सरकवायचा, बिल्ला घ्यायचा, पुढचा. पाळीतला सर्वांत म्हातारा सरदार, म्हणजे खालच्या टोळीचा मुकादम, दिवा हातात घेऊन खिडकीपाशीच उभा राहिला. मागे रांग खोळंबली.

"भाऊ, म्हना न. म्हनल्याबिगर म्या उतरत नाई."

"कोन्या तोंडानं म्हनू?" भाऊ म्हणाले. "म्याच त्याचं बोलनं पुसून टाकलं."

सरदार हलला नाही. मागून शिट्टी वाजली, पाळीवरच्या साहेबाने, ओव्हरमनने, शिव्या घातल्या, तरी रांग तशीच. शेवटी भाऊंनी मान खाली घालून ते चार शब्द पुटपुटले. रांग पुढे सरकली. त्या आवाजात कोणाला परत बोलवायची ताकद नव्हती, पण त्या दिवशी सगळे परत आले.

यंत्र कोपऱ्यात गेलं. कळ काढून घेतल्यावर लहान्याचा हात वैनींनी खाटेच्या लोखंडी नळीवर टेकवून ठेवला. एका सकाळी मी भाऊंना हाक मारायला गेलो होतो. ते डबा घेऊन उंबऱ्यावर आले, आणि मागून बारीकसा आवाज आला.

टिक टिक.

पाल असेल म्हणून मी वर पाहिलं.

थोडं थांबून, टिक टिक टिक.

भाऊ थांबले. वर्षभर कळ दाबून दाबून लहान्याच्या त्या बोटात जोर आला होता, आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो, बोटाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आता ते नखाने नळी वाजवत होतं. पुन्हा दोन. पुन्हा तीन.

"दोन... खाली जाऊ दे," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "तीन... मानूस वर येते."

त्यांनी डबा खाली ठेवला. खाटेपाशी गेले, वाकले.

"जाय, पन परत ये? हेच का रे? रोज हेच म्हनत होता?"

लहान्याने डोळे मिटले आणि उघडले. भाऊ त्या बोटावर कपाळ टेकवून बसून राहिले. साऱ्या खाणीला ते शब्द त्यांनी वाटले होते. त्यांना कोणी म्हणायचं, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते तर वरच असायचे. त्या दिवशी हजेरीत मी त्यांना वेळेवर दाखवलं.

मग त्या घरात ठोक्यांची अख्खी बोली तयार झाली. पाणी, कूस, पंखा, आणि वैनींच्या भाजीवर टीका. कॉम्प्युटरचा पडदा बंदच राहिला. पुढे त्याच्या खोक्यात कोंबडीने पिलं काढली, आणि ती पिलं हिशोबात फार हुशार निघाली. भाचा परतला तोवर लहाना राहिला नव्हता. शेवटच्या सकाळीही भाऊ निघताना त्याने दोन आणि तीन वाजवलं होतं. भाऊ परत आले. या खेपेला तोच नव्हता.

वैनीही गेल्यावर भाऊंनी बत्तीघर सोडलं आणि आलापल्लीच्या पलीकडे बहिणीच्या गावी राहायला निघाले. चंद्रपूरच्या स्टँडवर मी पोचवायला गेलो. ते खिडकीच्या गजाआड बसले. कंडक्टरने दोरी ओढली. टण टण.

दोन.

बस हलली तसा मी धावलो आणि पत्र्यावर थाप मारली. एक, दोन, तीन. कंडक्टर बाहेर डोकं काढून मला काय काय म्हणाला, ते छापण्यासारखं नाही. त्याच्या मागच्या खिडकीत भाऊ मान वळवून बघत होते, बस वळेपर्यंत.

ते परत आले नाहीत. बत्तीघरात आता दुसरा माणूस बसतो आणि मुकाट्याने दिवे देतो. पाळी सुटून फार वेळ झाला. माझ्या लेखी ती एक खुंटी अजून रिकामी आहे.