बोरकुटेसरांचा संशय

पहिल्याच भेटीत बोरकुटेसरांनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. राइस मिलमधल्या धान वाळवणाऱ्या ड्रायरसाठी संगणकावर चालणारी नियंत्रणं त्यांच्या चंद्रपूरच्या लहानशा कारखान्यात तयार होत. मला रागच आला. नोकरी मात्र मिळाली.

ड्रायरचा पंखा ठरल्या वेळी चालू-बंद व्हावा म्हणून यंत्रात एक टायमर होता. वेळ झाली की तो संगणकप्रणालीच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) ड्रायव्हरला, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमला, हाक मारी. मूल गावच्या एका मिलमध्ये हा नियंत्रणाचा संगणक अधूनमधून गोठू लागला. पंखा थांबे, धान तापे. हे व्हायचं ऑपरेटर महादेवभाऊ रीसेटचं बटण दाबून ड्रायव्हर काढून पुन्हा चढवत तेव्हाच. ते तारांना हात लावत असणार, असं मी अहवालात ठोकून दिलं. मिलच्या मालकांनी त्यांना कामावरून काढायचं ठरवलं. "मी फकत बटन दाबलो, साहेब," एवढंच ते म्हणाले.

सर अहवाल वाचून माझ्यासह पुढच्याच एसटीने मूलला आले आणि आधी माझा कोड उघडायला लावला. "महादेवभाऊवर संशय काऊन घेतो? आधी आपल्यावर घे. टायमर बंद केला म्हणतो तू. थांबला का, ते पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. ड्रायव्हर काढला जाताना टायमर बंद करून मी लगेच त्याची मेमरी मोकळी करत होतो. आधीच सुरू झालेलं एखादं काम तेव्हा अर्ध्यावर असे. ते त्या मोकळ्या जागेत चाचपडे आणि संगणक गोठे. सुरू असलेलं काम संपेपर्यंत थांबायचं, ही एकच ओळ सरांनी घालायला लावली.

परतताना सर आपल्या वडिलांविषयी बोलले. पन्नासच्या दशकात ते मूलच्याच एका मिलमध्ये मिस्त्री होते. इंजिन बंद केलं, पण पट्टा फिरत होता. त्यांनी हात घातला आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांच्या घरी बंद यंत्रालाही आधी काठी लावून पाहतात.

चूक आमच्या कारखान्याची, असं सरांनी मालकांना सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. महादेवभाऊंच्या घरी माफी मागायला मात्र मला एकट्यालाच पाठवलं. मी फार शरमलो होतो. भाऊंनी चहा पाजला.

भाऊ त्याच मिलमधून, नोकरीची वर्षं पुरी करून, निवृत्त झाले. सरांच्या गौरवार्थ निघणाऱ्या या ग्रंथाचं कळल्यावर त्यांनी विचारलं, यामागे कोणाचा काय डाव आहे? पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्यावर संशय घ्यायला ते अजून खूप वर्षं हवे आहेत.