एक लाख तीन

आमच्या जुन्या गाडीच्या मीटरवर एक लाखाचा आकडा उमटताना बाबांना पाहायचा होता. गप्पांच्या नादात तो निसटला, एक लाख एक झाले आणि बाबांचा चेहरा उतरला. मागे बसलेली नवी वहिनी गणित शिकवते, पण घरात अजून बुजून असायची. ती एकदम पुढे झुकली.

"बाबा, लाखाला काय, दोननंही भाग जातो. या आकड्याला अकरानं जातो. पण एक लाख तीन मूळ संख्या आहे, सहा आकड्यांतली सर्वांत लहान. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागू शकत नाही."

आम्ही श्वास रोखून मीटर पाहत राहिलो. गोल आकड्यांची वाट पाहताना त्यांच्या शेजारचं केवढं वैभव आपण न बघताच ओलांडतो! तीन उमटताच बाबांनी गाडी कडेला घेतली.

"आता पुढची कुठे, सूनबाई?"

"सोळा किलोमीटरवर," वहिनी मोकळं हसली. तिनं तीही आधीच शोधून ठेवली होती.