डावीकडं ओढणारी करवत

लग्न झाल्यापासून आमची एकही दिवाळी घरी झाली नव्हती. दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला निघायचं आणि दिवाळीचं उटणं फडातल्या पालासमोर लावायचं. म्हणून यंदा आमच्या ह्यांनी चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्याची जुनी करवत घेतली आणि गावातच लाकूड कापायचं ठरवलं, तेव्हा मी मनातल्या मनात करंज्या तळायलासुद्धा घेतल्या.

पहिलं काम युसूफ वडगाव या गावच्या एका शेतकऱ्याचं. त्यांनी कडुनिंबाचे तीन लहान ओंडके नमुन्याला आणून टाकले. फळ्या सरळ निघाल्या तर बांधावरचं बाकीचं लाकूडही आमच्याकडंच येणार होतं. हे म्हणाले, "ह्या न्हाई जमल्या, तर जाऊ मग टोळीत."

दोन ओंडके वाया गेले. रेघ सरळ मारलेली, पण करवत आपली डावीकडं पळायची. फळी एका टोकाला भाकरी, दुसऱ्या टोकाला पापड. ह्यांनी पट्ट्याचा ताण वाढवला, पट्टा धरणारे गाइड लाकडाजवळ आणले, ओंडका हळू सरकवून पाहिला. फरक नाही. मग मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. नाचता येईना अंगण वाकडं! पण हे मी मोठ्यानं म्हणाले नाही. माझाच जीव टांगणीला लागला होता.

मशीन बंद केल्यावर मी करवतीच्या दातांच्या दोन्ही बाजूंनी जपून बोट फिरवलं. उजवीकडं गुळगुळीत, डावीकडं मात्र बोटाला अडत होतं. ते अडणं माझ्या बोटाच्या ओळखीचं होतं.

"अहो, ह्याला धार कुणी लावली?"

"मीच की, कानशीनं. कावून?"

"एकाच अंगानं घासलं ना? कोयत्यासारखं?"

ह्यांनी मान डोलावली. कोयता आम्ही एकाच बाजूनं घासतो, मग दुसऱ्या बाजूला बारीक कड उभी राहते. उसाला ती चालते. करवत मात्र त्या कडेकडं ओढली जाते. मला हसू आवरेना. "करवत हाय ती, ऊस न्हाई तोडायचा!"

हेही हसले. मग चाक हातानं फिरवत त्यांनी डाव्या बाजूला धारेचा दगड हलकेच लावला, कड मोडेपर्यंत. शेवटचा ओंडका लावला. मी श्वास रोखून रेघेकडं बघत होते. फळी सरळ निघाली. तिच्यावरून हात फिरवत हे म्हणाले, "लई बेस." ती फळी बघून शेतकऱ्यांनी बांधावरचं बाकीचं लाकूडही आमच्याकडं आणून टाकलं.

खंडेनवमीला कोयत्यांच्या शेजारी करवतीचा पट्टा मांडून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीचे मुकादम दारात आले.

"काय वैनी, आवरलं का? गाडी उद्या सकाळी हाय."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. दरवर्षी मी "आवरलं" म्हणायचे आणि भांडी पोत्यात भरायला घ्यायचे.

"बसा, चहा टाकते," मी म्हणाले. "आन दिवाळीला फराळाला या."

"दिवाळीला मी फडात असतो की वो."

"मग तुमच्या वाटणीचं डब्यात ठेवते," बोलता बोलता माझे डोळे भरून आले. "आमी घरीच हाओत."