गन काढून ठेव

“ती मुलगी बसलीये बघा गाडीत. तिला सांगा आणि चला लवकर, वर सगळे खोळंबलेत.”

काच बंद होती, पण तळघरात आवाज घुमतो. बोलणाऱ्या बाई जरीची साडी नेसलेल्या, हातात झबल्यांची पिशवी. वरच्या हॉटेलात कुणाचं तरी बारसं असावं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. उपयोग झाला नाही. त्यांच्या यजमानांनी काचेवर टकटक केलंच.

“बेटा, इथेच आहेस ना? आमची फुल झाली की एक मिस्ड कॉल दे. नंबर घे.”

मी मान हलवली. माझी मान माझ्या आधी हलते.

ठाण्यातल्या या इमारतीच्या तळघरात गाडी चार्ज करायच्या दोन जागा आहेत. त्यातली एक कायम बंद. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कमिटीला वाटतं, पार्किंगमध्ये चार्जर बसवला की अख्खी बिल्डिंग पेटेल. तेव्हा त्यांचा ठराव होईपर्यंत आमची गाडी बाहेरच जेवते. इथे बॅटरी भरल्यावरही वायर गाडीला तशीच राहिली तर आयडल फी चढत जाते. ती टाळायचा माझा उपाय साधा होता: गाडीतच बसायचं, भरली की निघायचं. मला माणसांपेक्षा काच बंद केलेली गाडी बरी वाटते, त्यामुळे कंटाळाही येत नसे. फक्त, जी गाडीत बसते ती सगळ्यांची राखणदार होते, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

इतरांचे उपाय बघत बसावेत असे असतात. एक गृहस्थ सासूबाईंना एसी लावून मागच्या सीटवर बसवून जातात, म्हणजे बॅटरी सावकाश भरते. पण सगळ्यांचा लाडका उपाय मोबाइलवरचा. वरूनच चार्जिंग बंद करायचं, वरूनच लॉक उघडायचं आणि खाली जो कुणी असेल त्याला गन काढायला सांगायची. गन म्हणजे वायरच्या टोकाचा जड प्लग. ती निघाली की फी थांबते. गाडी मात्र जागच्या जागी.

मागे एका काकूंची गन मी अशीच काढून दिली होती. त्यांनी फोनवरून भरभरून आशीर्वाद दिले. मग कळलं की वायर त्या एकाच जागेपुरती आहे, माझ्या गाडीपर्यंत पोचत नाही. आणि फी थांबल्यावर काकूंना खाली यायची घाई उरली नव्हती. त्या वरच्या पार्लरमधून केस रंगवून, वाळवून आल्या.

आज बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांना आणि आईला टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात सोडून मी इथे आले, तर समोर चालू जागेवर या बारशाच्या पाहुण्यांची गाडी नुकतीच लागली होती. डोंबिवली गाठण्याइतकी बॅटरी उरली नव्हती. आणि पट्टी बांधलेल्या डोळ्याने बाबांनी शिळफाट्याची धूळ खात रिक्षाने जावं, हे मला नको होतं.

आईचा फोन आला. “सोडलं गं ह्यांना. बाहेर बाकावर बसलोय. किती वेळ? हे म्हणतायत, आपली गाडी आजारी माणसापेक्षा जास्त झोपते. रिक्षा बघायला निघालेत.”

“बसव त्यांना. मी येते.”

“तूच सांग, माझं कुठे ऐकतात.”

समोरच्या गाडीची बॅटरी भरली होती. मी मिस्ड कॉल दिला. लगेच उलटा फोन आला, मागे ताटल्यांचा आवाज.

“झाली? शाब्बास. मी इथून बंद करतो, लॉक पण उघडतो. तू फक्त गन काढून ठेव.”

“काका, मला माझी गाडी लावायचीये.”

“मग लाव ना. नाही कोण म्हणतंय?”

“वायर पोचत नाही.”

“अगं, आता पाळणा म्हणतायत. मग जेवण, की आलोच. तू गन काढ आधी, माझं मीटर पळतंय.”

मागून बाईंचा आवाज आला, “अहो, तिला सांगा, पेढ्यांचा बॉक्स आणतो.”

“ऐकलंस ना? बॉक्स आणतो तुला.”

समोरच्या गाडीचं लॉक खट्‌कन उघडलं. मी उतरले आणि गनवर हात ठेवला. गन कोमट होती. नुसती ओढायची बाकी होती. कानाशी फोन थरथरला, आईचा दुसरा कॉल. बाबा एव्हाना रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभे असतील.

आमच्या शाळेत भांडणंसुद्धा इंग्रजीत व्हायची. मराठीत कुणाला नाही म्हणायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि तोवर समोरचा निघून जातो. हे काका फोनवर होते. कुठे जाणार होते?

“काढलीस का गं?”

मी हात मागे घेतला.

“नाही काका, गन मी काढणार नाही. मीटर पळू दे. तुम्ही खाली या आणि गाडी हलवा, माझे बाबा थांबलेत.”