खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

माझ्या सासऱ्यांना नव्या वस्तूंचा मनापासून तिटकारा. नवी चप्पल आणली की ती आधी दुसऱ्या कुणाला तरी घालायला द्यायचे, आणि मऊ होऊन परत आली की सैल झाली म्हणून कुरकुरायचे. लग्न होऊन मी शहरात, गौलीगुड्याच्या त्या घरात आले तेव्हा मीही नवीच, त्यामुळे पहिले काही महिने ते माझ्याशी बेतानंच बोलत.

परभणीकडची शेती भावांवर सोपवून त्यांनी शहरात एक ट्रक घेतला होता. तोही अर्थातच महायुद्धात वापरून झालेला, लष्करी लिलावातला. त्यावर ते अफझलगंजच्या व्यापाऱ्यांची पोती वाहत. पोलिस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले, आणि नेमकं तेव्हाच त्या ट्रकनं धाप टाकायला सुरुवात केली.

माझा जीव त्या ट्रकमध्ये अडकला होता. रझाकारांच्या धामधुमीत माझे आईवडील गाव सोडून संस्थानाच्या हद्दीपलीकडे, सोलापूरच्या बाजूला एका छावणीत जाऊन राहिले होते. वर्ष होत आलं, मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. रेल्वेनं या म्हणावं तर वडिलांचा गुडघा कामातून गेलेला, आणि बरोबर एक गाय. गाय सोडून यायला ते कबूल होईनात. शेवटी सासरे म्हणाले, "सूनबाई, गायीसकट घेऊन येतो. दसऱ्याला निघतो, कोजागिरीचं दूध सगळे हितंच पिऊ." दसऱ्याचं सीमोल्लंघन त्या वर्षी खरोखरच हद्द ओलांडून व्हायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला सासरे आवडले.

अफझलगंजचा मुसलमान मिस्त्री इंजिन उघडायला आला. त्या दिवसांत तो आमच्याकडे आणि आम्ही त्याच्याकडे जरा जपूनच बघत होतो. पण बॉनेट वर गेलं की सासरे आणि तो जुन्यासारखे भांडायला लागले. मिस्त्री भारी तोऱ्याचा. चहा गार झाला तर परत पाठवायचा. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या नाकेबंदीपासून बाजारात नवे सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा झिजलेलेच पुन्हा बसवायचे असं ठरलं. सासऱ्यांना तर आनंदच झाला.

मिस्त्रीनं अंगणातल्या बाजेवर जुनं धोतर पसरलं आणि इंजिनातले व्हॉल्व्ह, त्यांना खालून ढकलणाऱ्या लांब दांड्या आणि दांड्यांखालचे ठोकळे ओळीनं मांडले. पहिल्या जागेचं पहिल्या जागी, शेवटच्याचं शेवटी. मग बोट उगारून सगळ्या घराला बजावलं, "इसकू कोई हात नक्को लगाओ. ये सब बुड्ढे मियांबीवी हैं. घिसे सो घिसे, मगर अपनी अपनी जोडी के साथ घिसे. घर बदले तो झगडा शुरू."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनीही डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

शेतकऱ्याचं घर. गावी या दिवशी नांगर, कुळव, कोयते धुऊन पुजायचे. शहरात नांगर कुठला? ट्रक होता, आणि त्याची आतडी बाजेवर काळीकुट्ट पडलेली. सासूबाईंनी पहाटेच ती सगळी घमेल्यात घातली, रॉकेल लावून राखेनं खसखसून घासली, पुसली आणि पाटावर मांडली. काय मांडली! व्हॉल्व्हच्या पाकळ्यांचं कमळ, दांड्यांचे किरण, ठोकळ्यांची महिरप, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. सासऱ्यांनी नारळ फोडला. मीसुद्धा म्हटलं, किती सुरेख! अक्कल सगळ्यांचीच एकदम गहाण पडली होती.

दुपारी मिस्त्री इंजिन जुळवायला आला. बाजेवर काही नाही. मग त्याला पाट दिसला आणि तो मटकन खालीच बसला.

"या अल्ला. अम्मा, क्या करे तुम ये?"

"काळं झालतं सगळं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "बघा आता कसं लखलखायलंय."

"कौन कां का था? कौनसा किसकी जोडी का?"

"सगळी सारखीच तर हायेत!"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. आता वाटेल ते वाटेल तिथं बसणार, इंजिन खडखडणार, कदाचित अर्ध्या वाटेत बसकण मारणार. हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंकडे वळले, तोंड उघडलं, तर त्यांचाच चेहरा पडलेला. "तिच्या आईसाठीच धुतलं हो," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "पहिल्यांदा येणार बाई आपल्या घरी. काळ्या इंजिनावर कसं आणायचं?" मी खाली बसून ठोकळ्यांवरचं हळदकुंकू पुसायला लागले.

सासरे म्हणाले, "बसवा हो. जुनंच तर आहे. त्याला काय कळतंय कोण कुठं बसलंय!"

"उसीकू मालूम है," मिस्त्री म्हणाला, "हमकूच नईं मालूम."

ठोकळे चाचपत, फिरवून बघत, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यानं दसऱ्याच्या दुपारपर्यंत इंजिन बसवलं. ट्रक चालू झाला आणि अख्खी गल्ली बाहेर आली. खड खड टक टक, भांड्यांच्या दुकानात माकड शिरावं तसा आवाज. सासऱ्यांनी "चालतंय ना? मग झालं!" म्हणून ट्रक हाकला.

मग नुसती वाट बघणं. सासूबाईंनी ट्रक परत येईपर्यंत भात सोडला. मला सांगितलं नाही, पण ताट दिसतंच. रस्त्यावर काही वाजलं की त्या हातातलं काम टाकून दाराशी. कोजागिरीचा दिवस मावळत आला, दूध आटवायला ठेवू की नको ते मी विचारेना, त्या सांगेनात.

आणि अफझलगंजच्या बाजूनं तो आवाज आला. "आली गं तुझी आई!" सासूबाई ओरडल्या. माझ्या आधी त्याच पळत सुटल्या.

ट्रकमधून आधी गाय उतरली, मग वडील, मग आई. आई निम्मी झाली होती. तिला मिठी मारून मी रस्त्यातच भोकाड पसरलं. आई मात्र सांगत होती, ट्रक छावणीत शिरला तेव्हा गोळीबार समजून माणसं पालांत पळाली, आणि सासरे टपावर उभे राहून "अहो व्याही, मी आहे!" म्हणून बोंबलत होते.

"तुम्ही नाही भ्यालात?" सासूबाईंनी विचारलं.

"भ्याले की. पण गोळीबार असा धापा टाकत येत नाही."

दोघी हसत सुटल्या. त्या रात्री सासूबाईंनी दुधाआधी भात खाल्ला.

पुढे बाजारात नवे भाग आले. मिस्त्री इंजिन उघडायला हत्यारं घेऊन हजर झाला. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "तो आवाज आला म्हणजे माणसं घरी आली, हे कळतंय मला."

मिस्त्रीनं पुष्कळ वाद घातला. शेवटी चहा पिऊन गेला. पुढं ट्रक होता तोवर, अफझलगंजकडून खडखड ऐकू आली की आमच्या घरी चुलीवर तवा चढायचा.