वायपरखालचा काटा

माझा धाकटा भाऊ संघदीप गाड्यांना टर्बो लावून देतो. कुडव्यात त्याचं गॅरेज आणि माझं शिवणकामाचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्यामुळे मला हवं असो नसो, त्याच्या इंजिनांची सगळी दुखणी मला पाठ आहेत. जेवायला बोलवायला जावं तर हा बोनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला. पण जीव लावतो मेला, गाड्यांनाही आणि माणसांनाही.

२०१२ साली कैलाशच्या जुन्या लाल कारनं त्याला रडवलं. कैलाश त्याचा शाळेपासूनचा दोस्त, घरची धानाची गिरणी. संघदीपनं कारला टर्बो बसवला, गॅरेजात उभ्या गाडीचे सगळे दाब तपासले, सगळं बरोबर आलं. आणि पहिल्याच फेरीत पिस्टन वितळला. कैलाश हसून 'ठीक आहे' म्हणाला, तेच पोराला जास्त लागलं. त्यानं दुसरं इंजिन बसवलं आणि मला सांगितलं, हेही गेलं तर गॅरेज बंद. मी वरवर म्हटलं, कर बंद, घराला पेट्रोलचा वास तरी येणार नाही. मनात मात्र आलं, या कामाशिवाय हा जगायचा कसा?

आता त्याच्या भाषेत सांगते. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हवेचा जोर वाढला की पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढायला हवा. तो पडला तर इंजिन आतून भडकतं आणि पिस्टन जातो. उभ्या गाडीत हे कळतच नाही, चढावर जोर लावला की कळतं. म्हणून त्यानं पेट्रोलच्या नळीला दाबाचा काटा जोडला, बोनेटच्या फटीतून वर काढला आणि काचेवर बाहेरूनच वायपरखाली बांधला. आत घेतला आणि नळी फुटली तर पेट्रोल अंगावर यायचं. चालवणाऱ्यानं रस्ता पाहायचा, शेजारच्यानं काटा.

शेजारी बसायला मला बोलावलं. मी भडकले. गिऱ्हाइकाचा ब्लाउज मशीनवर अर्धा टाकून मी कायले येऊ, कैलाशला ने म्हटलं. तर म्हणतो कसा, "कैलाश दोस्त आहे माझा. काटा पडला तरी ठीक आहे म्हणन. तू मले आजवर एकदाबी गोड बोलली नाहीस."

घ्या! ब्लाउज बाजूला ठेवला. गेले.

सौंदडच्या बाजूला एक मोकळा चढ आहे. तिथं त्यानं पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, काटा वर गेला, जरा थांबला आणि खाली यायला लागला. सांगितलं तर याचं मन मोडणार, एवढं एक मनात आलं. "सोड, काटा पडला," मी म्हटलं.

त्यानं मान वळवून पाहिलंही नाही, पाय उचलला. इंजिन वाचलं. गाडी कडेला घेऊन तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. मला वाटलं रडतोय. तो विचार करत होता. डोकं वर करून त्यानं विचारलं, कैलाश पेट्रोल कुठून भरतो. मी म्हटलं, गिरणीत डबा ठेवलाय ना त्यानं, उघडाच असतो.

गॅरेजात येऊन टाकीतला पंप बाहेर काढला, तर त्याची टर्बोबरोबरच घातलेली नवी जाळी धानाच्या कोंड्यानं लिंपलेली. उभ्या गाडीला पुरेल इतकं पेट्रोल त्यातून यायचं, चढावर कमी पडायचं. मूळ दुखणं कैलाशच्या डब्यात होतं! त्याला मी चांगलं झापलं. संघदीपनं टाकी धुतली, दुसरी जाळी बसवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ. शिट्टी वाजली. काटा चढला आणि शिट्टीबरोबर चढतच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंडून निघालं, "बेस काम केलंस रे, बापू."

त्यानं घाबरून पाय काढला.

"ताई, पडला का?"